उलित्स्कायाबाई परक्या कशा? : रशियाच्या न्याय मंत्रालयास खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री व अधिकारीवर्ग,
न्याय मंत्रालय, रशियन फेडरेशन,
मॉस्को.

विषय : लेखिका ल्युदमिला येव्गेनियेव्ना उलित्स्काया यांचे नाव विदेशी एजंटांच्या नोंदवहीतून वगळण्याबाबत.

महोदय,

१ मार्च २०२४ या दिवशी शुक्रवार होता. आपल्या मंत्रालयाच्या शिरस्त्याप्रमाणे त्या दिवशी विदेशी एजंटांच्या नोंदवहीत काही नावांची भर पडली आणि त्यांत कादंबरीकार ल्युदमिला उलित्स्काया यांचे नाव होते. युक्रेनमधील लष्करी कारवाईला त्यांनी केलेला विरोध हे त्यामागचे एक मुख्य कारण होते. अशा नोंदवहीत माणसाचे नाव, जन्मतारीख आणि नोंदीची तारीख मावते; त्या माणसाने आपल्या देशासाठी काय करून ठेवले आहे, हे लिहायला तिथे रकाना नसतो. तो राहिलेला रकाना भरून द्यावा, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी पुण्यात राहणारी, महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेली एक वाचक आहे. सोव्हिएत संघात छापलेली स्वस्त पुस्तके प्रदर्शनांतून विकत घेत माझी पिढी वाढली. त्यांत विज्ञानाची पुस्तके होती, लहान मुलांच्या गोष्टी होत्या, आणि मॉस्कोत राहून काम करणाऱ्या मराठी अनुवादकांनी थेट रशियनमधून मराठीत आणलेली पुस्तकेही होती. त्या ओढीनेच मी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन भाषेचे वर्ग केले. १९९१ नंतर ती पुस्तके यायची थांबली, पण शिकलेली भाषा माझ्यापाशी राहिली, आणि उलित्स्कायाबाईंची पुस्तके मी शब्दकोश शेजारी ठेवून, दिवसाला तीन-चार पाने अशा बेताने वाचली. आपल्या देशाशी माझे नाते एवढेच आहे, आणि त्याच नात्याने मला विचारायचे आहे की, ज्या बाईने आपल्या देशातील सामान्य माणसाच्या शंभर वर्षांच्या आयुष्याची नोंद ठेवली, तिला आपण 'विदेशी' कसे म्हणता?

त्यांचा जन्म २१ फेब्रुवारी १९४३ चा, बश्किरियातील दाव्लेकानोवो या गावचा. त्यांचे कुटुंब मॉस्कोचे, पण युद्धामुळे तिकडे हलवले गेले होते. मी जीवशास्त्राची असल्यामुळे मला त्या वर्षाची आणखी एक तारीख आठवते. त्यांच्या जन्माच्या आधी चारच आठवडे, २६ जानेवारी १९४३ रोजी, जगभरची बियाणी गोळा करणारे थोर शास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव सारातोवच्या तुरुंगात मरण पावले. त्यानंतर पाच वर्षांनी, ऑगस्ट १९४८ मध्ये, स्तालिनचा वरदहस्त असलेले कृषितज्ज्ञ ल्यिसेंको यांच्या पुढाकाराने जनुकशास्त्रालाच देशातून हद्दपार करण्यात आले. पुढे ते धोरण कोसळले, १९६६ मध्ये सामान्य जनुकशास्त्र संस्था उभी राहिली, आणि आज ती संस्था वाविलोव यांचेच नाव लावते. मॉस्को विद्यापीठात शिकलेली तरुण उलित्स्काया त्याच संस्थेत संशोधक म्हणून रुजू झाली होती. जे शास्त्र देशद्रोही ठरले होते, ते वीस वर्षांत पुन्हा देशाचे झाले, हे तिने त्या इमारतीत रोज पाहिले असणार. आपल्या नोंदवहीकडे पाहताना हा इतिहास मी विसरू शकत नाही.

संशोधनातली त्यांची वाटचाल १९७० मध्ये संपली. बंदी असलेला मजकूर टाइप करून हातोहात वाटण्याच्या त्या काळच्या गुप्त व्यवहारात, ज्याला आपल्याकडे 'समिझ्दात' म्हणत, त्यांचा हात असल्याचे कळल्यावर त्यांची नोकरी गेली. कार्बन कागद घालून एका वेळी चार-पाच प्रती निघत, शेवटची प्रत इतकी फिकट असे की ती उजेडाकडे धरून वाचावी लागे, आणि एकेका प्रतीसाठी रात्रीपुरतीच मुदत मिळे. एवढ्याशा गुन्ह्यासाठी राज्यसंस्थेने एक जनुकशास्त्रज्ञ गमावली. पुढची काही वर्षे त्यांनी घर सांभाळले, दोन मुलगे वाढवले, १९७९ पासून तीनेक वर्षे मॉस्कोच्या ज्यू संगीत नाट्यगृहात साहित्य विभागाचे काम केले, नाटके आणि पटकथा लिहिल्या. ज्या लघुकादंबरीने त्यांचे नाव झाले, ती 'सोनेच्का', १९९२ मध्ये 'नोवी मीर' मासिकात छापून आली तेव्हा त्या पन्नाशीला टेकल्या होत्या.

या छोट्या पुस्तकापाशी मला थोडे थांबायचे आहे, कारण उलित्स्कायाबाई कोणाविषयी लिहितात हे त्यात लख्ख दिसते. सोनेच्का दिसायला साधी, नाक पेअरच्या फळासारखे बुटके. सातव्या वर्षापासून सत्ताविसाव्या वर्षापर्यंत तिने अखंड वाचन केले. वाचायला बसली की मूर्च्छा आल्यासारखी पुस्तकात बुडायची आणि शेवटच्या पानावरच शुद्धीवर यायची. युद्धकाळात ती स्वेर्दलोव्स्कला ग्रंथालयाच्या तळघरात काम करते. तिथे एक दिवस सत्तेचाळीस वर्षांचा, शिक्षा भोगून आलेला, एके काळी पॅरिसमध्ये नाव कमावलेला चित्रकार फ्रेंच पुस्तके मागायला येतो आणि दोन दिवसांनी तिचेच चित्र काढून, ते हातात घेऊन, तिला मागणी घालतो. मग संसार, मुलगी, गरिबी, अखेर मिळालेले घर, आणि म्हातारपणी नवऱ्याचे मुलीच्या वयाच्या एका अनाथ पोलिश मुलीवर जडलेले प्रेम. सोनेच्का कोसळत नाही. नवऱ्याच्या मृत्यूनंतर ती त्या मुलीलाही पोटच्या पोरीसारखी सांभाळते, तिला मार्गी लावते, आणि शेवटी एकटी उरलेली ती म्हातारी संध्याकाळी त्या नाकावर हलका स्विस चष्मा चढवून पुन्हा पुस्तकात बुडी मारते.

मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला सोनेच्काचा राग आला होता. इतके सोसायचे कशाला, असे वाटले. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आले की लेखिकेने तिला सोशीक म्हणून गौरवलेले नाही आणि बिचारी म्हणूनही दाखवलेले नाही. ज्या काळाने माणसाचे सगळे काही हिरावून घेतले, त्या काळात एका बाईपाशी स्वतःचे म्हणून काय उरू शकले, तेवढेच तिने नेमके सांगितले आहे. अशी बाई कोणत्याही सरकारी इतिहासात सापडणार नाही. ती रशियाची आहे, महोदय, आणि तिला कागदावर उतरवणारीही रशियाचीच आहे.

२००१ मध्ये 'कुकोत्स्कीचे प्रकरण' या कादंबरीला रशियन बुकर पारितोषिक मिळाले. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री लेखक. कादंबरीचा नायक पावेल कुकोत्स्की स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, ज्याला रुग्णाच्या शरीराच्या आतले दिसते अशी देणगी आहे. १९३६ मध्ये सोव्हिएत संघाने गर्भपातावर बंदी घातली, ती १९५५ मध्ये उठली. मधल्या एकोणीस वर्षांत चोरून केलेल्या उपायांनी किती बायका गेल्या, हे कुकोत्स्की रोज ऑपरेशनच्या टेबलावर पाहतो. बंदी उठवा म्हणून तो वरिष्ठांकडे अर्ज घेऊन जातो तेव्हा कागदांबरोबर काचेची एक बरणीही नेतो. बरणीत एका मेलेल्या बाईचा गर्भाशय आहे आणि त्यात कांद्याने मुळे धरलेली आहेत, कारण गर्भ पडावा म्हणून कोणीतरी तिला तो घरगुती उपाय सांगितला होता. मी आयुष्यभर प्रयोगशाळेत बरण्या हाताळल्या. ते पान वाचून मात्र पुस्तक मिटून ठेवावे लागले. शास्त्राचे शिक्षण झालेला लेखकच हे असे, विशेषण न लावता, लिहू शकतो. आणि तरी त्यांनी कुकोत्स्कीला देवमाणूस केलेले नाही. ज्या बायकोचा जीव त्याने गर्भाशय काढून वाचवला, तिलाच तो एका भांडणात 'तुला तो अवयवच नाही' असे ऐकवतो आणि त्या एका वाक्याने त्यांचे लग्न आतून विझते.

पुरस्कारांची यादी देत बसत नाही. ती आपल्याला ठाऊक असेलच, आणि देशाबाहेरच्या पुरस्कारांचा उल्लेखच आपल्याकडे कदाचित पुरावा म्हणून वापरला जाईल. त्यापेक्षा क्रिमियातल्या एका घराची आठवण करून देते. १९९६ मध्ये आलेल्या 'मेदेया आणि तिची मुले' या कादंबरीतील मेदेया मेंदेस, माहेरची सिनोप्ली, ही क्रिमियातील जुन्या ग्रीक वस्तीची शेवटची माणूस. तिला मूलबाळ नाही, पण दर उन्हाळ्यात भाचे, पुतणे, त्यांची पोरे, रशियन, लिथुआनियन, जॉर्जियन अशी सगळी गोतावळ्याची माणसे तिच्या घरी उतरतात. मे १९४४ मध्ये क्रिमियन तातारांना गाड्यांत कोंबून मध्य आशियात नेले गेले, ते तिने डोळ्यांनी पाहिलेले आहे. ती वारल्यावर कळते की तिने आपले घर या गोतावळ्यातल्या कोणालाही ठेवलेले नाही. ते तिने रवील युसुपोव नावाच्या, कोणाच्या फारशा ओळखीच्या नसलेल्या एका तातार तरुणाच्या नावे केले आहे. इच्छापत्र कोणी उघडून दाखवत नाही, भाषण कोणी करत नाही. आपले नव्हते ते परत करायचे, इतके ते सरळ आहे. हे पुस्तक रशियात छापले गेले, वाचले गेले आणि तेव्हा कोणाला त्यात परकीय हात दिसला नाही.

'दानिएल श्टाइन, दुभाषा' या २००६ च्या कादंबरीचा नायक तर प्रत्यक्षातल्या माणसावर बेतलेला आहे. ओस्वाल्ड रुफाइझेन हे पोलंडचे ज्यू. जर्मनांकडे दुभाषा म्हणून काम करताना त्यांनी बेलारुसमधील मीर या गावी कोंडून ठेवलेल्या ज्यूंच्या वस्तीतील सुमारे ३०० लोकांना पळून जाण्याची संधी मिळवून दिली, आणि पुढे ते कॅथलिक संन्यासी होऊन हैफा येथे राहिले. पत्रे, जबाब, कचेरीतील कागद, टिपणे यांच्यातून उभी राहिलेली ही कादंबरी एकमेकांची भाषा न समजणाऱ्यांच्या मध्ये उभ्या राहणाऱ्या माणसाविषयी आहे. २००७ मध्ये तिला आपल्याच देशाचे 'बोल्शाया क्नीगा', म्हणजे 'मोठे पुस्तक', हे पारितोषिक मिळाले.

आता कागदपत्रांचा विषय निघालाच आहे तर आपल्या कार्यालयाच्या सर्वांत जवळच्या पुस्तकाविषयी सांगते. उलित्स्कायाबाईंचे दोन्ही आजोबा स्तालिनच्या काळात कैदेत गेले. त्यांपैकी याकोव उलित्स्की आणि आजी यांनी तरुणपणी, १९११ पासून, एकमेकांना लिहिलेली पत्रे आजीच्या पेटीत जपलेली होती. आजीच्या मागे ती नातीकडे आली आणि कित्येक वर्षे तिने ती उघडलीच नाहीत. घरातली माणसे ज्या गोष्टी बोलत नव्हती त्या त्यात असतील, या भीतीने. अखेर ती वाचली, मग गुप्त पोलिसांच्या दप्तरातील आजोबांची फाइल मिळवून वाचली, आणि दोन्ही मिळून २०१५ मध्ये 'याकोवची शिडी' ही कादंबरी झाली. एकाच माणसाचे दोन प्रकारचे कागद तीत समोरासमोर येतात : प्रेयसीला संगीताविषयी, पुस्तकांविषयी, उद्याच्या संसाराविषयी भरभरून लिहिणारा तरुण एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला सरकारी फाइलमधला आरोपी. फाइल लिहिणाऱ्यांना तो तरुण माहीत नव्हता. १९३० च्या दशकात आपल्या देशात लक्षावधी माणसांवर अशा फाइली तयार झाल्या, त्यांतल्या कितीतरींवर परकीयांचा हस्तक असल्याचा शिक्का होता, आणि स्तालिननंतर त्याच राज्यसंस्थेला त्यांतल्या असंख्य माणसांना निर्दोष असल्याचे दाखले द्यावे लागले, पुष्कळांना मरणोत्तर. विदेशी एजंट हे शब्द निवडताना आपल्या कार्यालयात कोणालाच त्यांचा जुना वास आला नाही का?

त्यांची एक पटकथा आहे, १९७८ मध्ये लिहिलेली आणि २०२० मध्ये, साथीच्या दिवसांत, पुस्तकरूपाने आलेली. १९३९ मध्ये सारातोवहून मॉस्कोला आलेल्या एका सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाला प्रयोगशाळेतच प्लेगची लागण झाली होती. त्याच्या संपर्कात आलेल्या प्रत्येकाला गुप्त पोलिसांनी रातोरात उचलून विलगीकरणात ठेवले आणि साथ आटोक्यात आली. ही घटना खरी आहे. पुस्तकाचे नाव 'नुसता प्लेग'. रात्री दार वाजले आणि माणूस नेला गेला, म्हणजे तो गेलाच, असे धरून चालणाऱ्या घरांना जेव्हा कळते की कारण प्लेग आहे, तेव्हा सुटकेचा निःश्वास टाकला जातो : नुसता प्लेगच ना! त्या दोन शब्दांत एका काळाची सगळी भीती आहे.

लिहिण्याबाहेरही त्यांनी जे केले ते आपल्याच गावांत, आपल्याच मुलांसाठी केले. मुलांना इतरांच्या चालीरीती, अन्न, कुटुंबे समजावीत म्हणून त्यांनी पुस्तकमाला काढली, आणि २००७ मध्ये संस्था स्थापून निवडक पुस्तके रशियातील ग्रंथालयांना पाठवली. त्या वेळी तुरुंगात असलेले उद्योगपती मिखाइल खोदोर्कोव्स्की यांच्याशी त्यांनी केलेला पत्रव्यवहार २००९ मध्ये 'झ्नाम्या' मासिकात छापून आला. त्यात दोघांचे अनेक बाबतींत पटत नाही, हे मला विशेष वाटते. सोव्हिएत काळातील दडपशाहीच्या बळींची नोंद ठेवणारी 'मेमोरियल' ही संस्था शाळकरी मुलांसाठी विसाव्या शतकाच्या इतिहासावर निबंधस्पर्धा घेत असे. मुले आपल्या आजी-पणजीला प्रश्न विचारून निबंध लिहीत. उलित्स्कायाबाई त्या स्पर्धेच्या परीक्षक होत्या. २८ एप्रिल २०१६ रोजी मॉस्कोत पारितोषिक समारंभाच्या दारात जमावाने पाहुण्यांवर अंडी आणि हिरवे जंतुनाशक फेकले. त्या वेळी ७३ वर्षांच्या असलेल्या त्यांच्या तोंडावर तो हिरवा रंग उडाला. पुढे २०२१ च्या डिसेंबरात न्यायालयाने 'मेमोरियल' बंद करण्याचा आदेश दिला, आणि त्याला दिलेले कारण होते विदेशी एजंटचा शिक्का प्रत्येक कागदावर न लावल्याचे.

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी युद्ध सुरू झाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी जे निवेदन लिहिले त्याचा आरंभ वेदना, भीती आणि शरम या तीन शब्दांचा होता. मार्चमध्ये, वयाच्या ७९ व्या वर्षी, त्या मॉस्को सोडून बर्लिनला गेल्या. २०२४ च्या सुरुवातीला दोन फसवेगिरी करणाऱ्यांनी युक्रेनच्या सरकारातील माणूस असल्याचे भासवून त्यांना फोन केला, त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून पसरवले, आणि पुस्तकांचे मानधन युक्रेनला मदत म्हणून जाते असे त्या त्यात म्हणाल्या म्हणून त्यांच्या रशियन प्रकाशकाने मानधन थांबवले. काही आठवड्यांतच आपली नोंद आली.

त्या बोलण्यावर आपल्या देशातील अनेकांचा संताप झाला, हे मी समजू शकते. ज्यांची मुले आघाडीवर आहेत, त्यांच्या घरी ते ऐकताना काय वाटले असेल, याची कल्पना मला आहे. पण तो गुन्हा आहे असे आपले मत असेल तर त्यासाठी न्यायालय आहे, आरोपपत्र आहे, बचावाचा हक्क आहे. नोंदवहीत नाव घालायला यांतले काहीच लागत नाही. १ डिसेंबर २०२२ पासून लागू झालेल्या कायद्याने तर परदेशातून पैसा आला हे दाखवण्याचीही गरज उरलेली नाही; माणूस 'परकीय प्रभावाखाली' आहे, एवढे आपण म्हटले की पुरते. मग तिने प्रत्येक मजकुरावर आपणच विदेशी एजंट असल्याची पाटी लावायची, मुलांसाठी काही लिहायचे नाही, त्यांना काही शिकवायचे नाही, आणि तिची पुस्तके दुकानात कागदात किंवा प्लास्टिकमध्ये गुंडाळून, १८ वर्षांवरील वाचकांसाठी असा शिक्का मारून ठेवायची. ज्या बाईने आपल्या ग्रंथालयांना पुस्तके पाठवली, तिच्याच पुस्तकांच्या वाट्याला हे आले आहे.

पुण्यातल्या एका वाचकाने यात का पडावे, असे कोणी विचारील. १९७५ मध्ये आमच्याकडे आणीबाणी असताना कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवत सरकारविरुद्ध उघड बोलल्या आणि नंतर त्यांना अटक झाली. मी तेव्हा विद्यार्थिनी होते. त्या वेळीही त्यांना देशविरोधी म्हणणारे होते. आज त्यांचे ते बोलणे मराठी माणूस अभिमानाने सांगतो. तेव्हापासून, लेखक परका आहे असे सरकार म्हणू लागले की मी आधी त्याची पुस्तके काढून वाचते.

म्हणून माझी मागणी अशी आहे. ल्युदमिला येव्गेनियेव्ना उलित्स्काया यांचे नाव आपण विदेशी एजंटांच्या नोंदवहीतून काढावे. ते होईपर्यंत निदान त्यांच्या पुस्तकांवरचे वेष्टन आणि शिक्का हटवावा, त्यांचे थांबलेले मानधन त्यांना मिळेल अशी व्यवस्था करावी, आणि त्यांना आपल्या मॉस्कोतल्या घरी परतायचे असेल त्या दिवशी, त्यांचे वय लक्षात घेऊन, कोणत्याही चौकशीवाचून परतता येईल असे लेखी आश्वासन द्यावे. या पत्राचा रशियन अनुवाद मी केला असून तो सोबत जोडला आहे. त्यावर आपल्या कार्यालयाकडून लेखी उत्तराची अपेक्षा आहे.

आपली विश्वासू,
जीवशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका आणि रशियन साहित्याची वाचक,
पुणे